ट्रेनिंग नव्हतं, सहल होती

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



हातातलं काम सोडू नका. भाकरी थापता थापता, शेंगा फोडता फोडता ऐका. मागच्या खेपेला मी या माइकसमोर बसले होते ती गटाची हिशोबाची वही कशी लिहायची ते सांगायला. आज वही नाही. आज मी फिरायला जाण्याबद्दल बोलणार आहे.

फिरायला म्हणजे लग्नाला नव्हे, बारशाला नव्हे, मयतीला नव्हे. देवालासुद्धा नव्हे. चार मैत्रिणी, दोन दिवस, नुसतं फिरायला. बघायचं, खायचं, फोटो काढायचे आणि परत यायचं. आम्ही तसं जाऊन आलो. जाताना मी दोन चुका केल्या, त्याही सांगणार आहे. माझ्या चुका ऐकून तुमची सहल तरी नीट होईल.

आम्ही चौघी. नावं सांगत नाही, कारण आमच्या गावात हा रेडिओ घरोघरी लागतो. एक आक्का, वय 58, गटातल्या सगळ्यात थोरल्या. दुसऱ्या वहिनी, शिलाई मशीन चालवतात, अर्ध्या गावाच्या ब्लाउजची मापं त्यांना तोंडपाठ. तिसरी आमची धाकटी, लग्न होऊन सहा वर्षं झालेली, फोन बरा तिच्याकडेच. आणि चौथी मी. चौघींचं माहेर वेगळं, सासर एकाच गल्लीत. गटाची बैठक संपली की इतर बायका उठून जातात, आम्ही चौघी अजून अर्धा तास बसतो. मैत्री म्हणायची ती एवढीच.

अशाच एका बैठकीनंतर वहिनी म्हणाल्या, “आपण चौघी कधी गावाबाहेर एकत्र गेलोय का?” आठवून बघितलं. गेलो होतो की! तालुक्याला, बँकेत, कर्जाच्या कागदावर सह्या करायला. तिथं फोटोही काढला होता, पासपोर्ट साइजचा. आक्का हसून म्हणाल्या, “माझे सगळे फोटो सरकारनंच काढलेत.” खरंच की. मतदानाचं कार्ड, आधार, पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड. लग्नातला एक फोटो आहे, त्यात मान इतकी खाली की नुसत्या मुंडावळ्या दिसतात.

त्या दिवशी ठरलं. दसऱ्यापासून महिन्याला माणशी 100 रुपये वेगळे टाकायचे. गटाच्या बचतीत हात घालायचा नाही, गटाचं कर्ज काढायचं नाही. आक्कांकडे एक जुना स्टीलचा डबा होता, त्यात पैसे. अकरा महिन्यांत माणशी 1100 जमले. हे मी मुद्दाम सांगते, कारण मागाहून गावात कुणी म्हणालं, गटाचा पैसा उडवला. नाही बाई. गटाची वही आजही उघडून बघा, पै न् पै जागच्या जागी आहे.

कुठं जायचं? लांब नको, एका रात्रीचा मुक्काम, एस.टी.नं जाता येईल असं. आम्ही सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, दुष्काळी भागातल्या. आमच्याकडे ढग येतो, बघतो आणि पुढं जातो. आणि आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला पाऊस इतका पडतो की कातळावर फुलं उगवतात. कासचं पठार. टीव्हीवर बघितलेलं. मुंबई-पुण्याची माणसं गाड्या भरभरून येतात आणि आम्ही जिल्ह्यातल्या असून कधी गेलो नव्हतो. ठरलं, कास. आणि जाता जाता लिंबची बारा मोटांची विहीर.

दिवस कोणता? शहरातल्या नोकरदार बायांना शनिवार-रविवार सुट्टी असते. आपल्या गुरांना रविवार कळत नाही. पण शनिवार-रविवारच धरला, कारण वहिनींच्या मालकांना कारखान्यात रविवारी सुट्टी आणि धाकटीच्या पोराला शाळा नाही, म्हणजे घरी बघायला माणूस. गौरी-गणपती उरकले होते, घट बसायला अवकाश होता. भांगलणी झालेल्या, बाजरी काढायची राहिलेली. मधला पितरपाट. चौघींपैकी कुणाच्या घरी त्या दोन दिवसांत म्हाळ नाही, हे बघून तारीख धरली. घटाच्या धुण्याच्या गोधड्या मी आधीच्या गुरुवारी धुऊन टाकल्या, घरी कुणी बोट दाखवायला नको म्हणून. पाठीचा कणा मोडला, पण धुतल्या.

आता पहिली चूक. घरी सांगायचं काय? देवाला जातो म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. पण पितरपाटात देवाला कोण जातं? मग मीच म्हणाले, “ट्रेनिंग सांगू. सेंद्रिय शेतीचं, दोन दिवसांचं, साताऱ्याला.” गटाची सचिव मी, माझ्यावर सगळ्या घरांचा विश्वास. चारही घरांनी ‘बरं’ म्हटलं. माझ्या मालकांनी तर वरून सांगितलं, “गांडूळखताचं नीट विचारून ये.” मी मान हलवली. तेव्हाच पोटात जरा खड्डा पडला होता, पण एस.टी.चं हॉर्न वाजलं आणि विसरले.

शनिवारी पहाटेची गाडी. मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. धाकटी खिडकीत बसली. पुसेगाव गेलं, कोरेगाव गेलं, हळूहळू शेतं हिरवी होत गेली. आक्का दर पाच मिनिटांनी म्हणत, “ह्यांच्याकडे ऊस बघ किती.”

साताऱ्यात उतरून आधी खोली बघितली. वहिनींचे एक नातलग होते तिथं, पण आम्ही ठरवून गेलो नाही. पाहुण्यांकडे उतरलं की चहा झाल्यावर आपणच पोळ्या लाटायला बसतो, हे काय मी तुम्हाला सांगायचं? पहिल्या लॉजवर माणसानं विचारलं, “सोबत पुरुष कोण आहे?” आक्का म्हणाल्या, “कुणी नाही.” तो म्हणाला, मग खोली नाही. चौघी रस्त्यावर आलो. धाकटीचं तोंड उतरलं. आक्कांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाल्या, “गावात लॉज काय एकच आहे?” दुसऱ्या ठिकाणी तोच प्रश्न आला तेव्हा आक्का म्हणाल्या, “आम्ही चौघी आहोत, तेवढ्या पुरतात.” त्यांनी आधार कार्डं बघितली, वहीत नावं लिहिली, किल्ली दिली. चौघींत एक खोली, 1200 रुपये. दाराला आतून कडी नीट लागते का, ते आधी बघितलं आणि मग पैसे दिले. तुम्हीही तसंच करा.

पिशव्या ठेवून लिंबची गाडी धरली. सातारपासून पंधरा-सोळा किलोमीटर. पुढं शेतातनं चालत गेलो, आणि समोर ती विहीर.

आम्ही दुष्काळी भागातल्या बायका. विहीर दिसली की आधी वाकून पाणी किती ते बघतो. चौघी एकदम वाकलो. पाणी होतं. मग वर मान करून विहीर बघितली आणि गप्पच झालो. आठ कोनांची, दगडात बांधलेली, सुमारे 110 फूट खोल. खाली उतरायला दगडी जिना, आणि जिना संपला की विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल. खांबांवर नक्षी, बसायला जागा, खाली पाणी, अंगाला गार वारा. वर मोटा लावायच्या जागा. नाव बारा मोटांची, पण जागा पंधरा असल्याचं सांगतात.

आणि ही विहीर बांधली कुणी? एका बाईनं. वीरूबाई भोसले. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 अशी पाच वर्षं काम चाललं. तिथल्या शिलालेखात त्यांचं नाव आहे. तीनशे वर्षं झाली, नाव तिथंच आहे. वहिनींनी त्या अक्षरांचा फोटो काढला आणि म्हणाल्या, “आमच्या विहिरीचा गाळ मी दोनदा काढलाय. सातबाऱ्यावर माझं नाव नाही.” कुणी काही बोललं नाही. मग तिथंच झाडाखाली बसून घरून आणलेली भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा खाल्ला.

फोटोची गंमत तिथंच सुरू झाली. धाकटी म्हणाली, “आक्का, जिन्यात उभ्या राहा.” आक्का उभ्या राहिल्या त्या आधार कार्डासारख्या. हात सरळ, डोळे मोठे, श्वास रोखलेला. तीन फोटो काढले, तिन्ही तसेच. मग धाकटीनं युक्ती केली. फोन हातात ठेवला आणि म्हणाली, “आक्का, तुमच्या आईच्या माहेरी होती का हो विहीर?” आक्का सांगायला लागल्या. हात हलायला लागले, पदर सरकला, मध्येच हसल्या, पुढचा पडलेला दात दिसला. धाकटीनं पटापट फोटो घेतले. मी आक्कांना वीस वर्षं ओळखते, पण तो चेहरा मी नीट बघितला तो फोनवर. म्हणून सांगते, कुणाचा चांगला फोटो काढायचा असेल तर तिला उभी करू नका, बोलती करा.

संध्याकाळी साताऱ्यात राजवाड्याजवळच्या चौपाटीवर गेलो. पाणीपुरी, पावभाजी. वहिनींनी पावभाजीची दुसरी प्लेट मागितली आणि आमच्याकडे बघितलं, कुणी काही म्हणतंय का म्हणून. आम्ही काय म्हणणार? आम्हीही मागितली. साधी गोष्ट आहे, पण लग्न झाल्यापासून आपण किती वेळा पहिल्या पंगतीला बसलो, सांगा बरं? तव्यावरचा गरम पाव कुणीतरी आपल्या ताटात टाकतंय, ‘अजून हवं का’ विचारतंय, आणि आपल्याला उठायचं नाही. आक्का तर दोनदा सवयीनं उठायला गेल्या. रात्री खोलीवर एक वाजेपर्यंत बोलत पडलो. काय बोललो ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. हसून हसून पोट दुखलं एवढंच सांगते.

रविवारी सकाळी कासला. शहरापासून पठार साधारण पंचवीस किलोमीटर. हंगामात तिथं जायचं तर आधी फोनवरून नोंदणी करावी लागते, एका दिवशी ठरावीकच माणसं आत सोडतात. धाकटीनं आठ दिवस आधीच केली होती. आसपासच्या गावांची समिती वनखात्याच्या जोडीनं पठार सांभाळते. गावातलीच पोरं-पोरी शिट्टी घेऊन उभी असतात. 2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा म्हणून नोंदल्या, त्यांत हे पठार आहे.

तिथं गेल्यावर आक्का पहिलं काय म्हणाल्या असतील? “अगं, हे तर तण आहे!”

आणि खरंच, आपल्या डोळ्याला ते तणच दिसतं. आयुष्य गेलं खुरपं हातात घेऊन. पण ते तण असं पसरलेलं, इथं गुलाबी, तिथं पिवळं, मध्ये निळं-जांभळं, वर धुकं. तेरडा ओळखला. गौरीला आणतो तो तेरडा, पण तिथं एकदोन पेंढ्या नव्हे, नजर पोचेल तिथवर गुलाबी. सोनकी पिवळीधमक. गेंदाची पांढरी बटणं. वहिनी म्हणाल्या, कुणीतरी हिरव्या कापडावर बटणं टाचलीत.

तिथल्या एका मुलीनं आम्हाला समजावून सांगितलं. पठार म्हणजे जांभ्याचा कातळ आहे. वर मातीचा थर अगदी पातळ, म्हणून मोठं झाड मूळ धरत नाही. पावसाळ्यात त्या एवढ्याशा मातीत ही बारकी झाडं उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि वाळून जातात. एक निळं-जांभळं बारकं फूल दाखवलं, सीतेची आसवं. जमीन नापीक, मग ते झाड काय करतं, तर मुळापाशी बारक्या पिशव्या असतात, त्यात पाण्यातले अगदी लहान किडे धरून खातं. आक्का म्हणाल्या, “जमिनीनं दिलं नाही तर कुठूनतरी मिळवायचंच की. बाईमाणसासारखं झाड आहे.”

मग एक हसायची गोष्ट झाली. आक्का उकिडव्या बसल्या, सीतेची आसवं जवळून बघायला. आणि हात सवयीनं बाजूच्या गवताकडे गेला! उपटणारच होत्या. तेवढ्यात शिट्टी वाजली. “आजी, हात लावायचा नाही!” आक्का उठेनात, हसून हसून खालीच बसल्या. पन्नास वर्षांची सवय, हात काय ऐकतो?

पण त्याच सवयीचा उपयोगही झाला बघा. फुलाचा फोटो उभ्यानं चांगला येत नाही. वरून काढला की नुसता रंगाचा ठिपका दिसतो. फुलाच्या उंचीला जावं लागतं. शहरातली माणसं दोन मिनिटं वाकली की कंबर धरत होती. आम्ही चौघी उकिडव्या बसलो ते अर्धा अर्धा तास. वाटेवरूनच, आत पाय न टाकता. एक बाई येऊन म्हणाल्या, “तुमचे फोटो काय सुंदर आलेत! कुठं शिकलात?” वहिनी म्हणाल्या, “बाजरीच्या रानात.”

दुपारी भाजलेलं कणीस आणि कांदाभजी खाल्ली, चहा घेतला, आणि खाली आलो. घरच्यांसाठी कंदी पेढे घेतले, ते ज्यानं त्यानं आपल्या पैशानं. इथवर सगळं छान.

आता दुसरी चूक. पठारावर फोनला रेंज नव्हती. सातारच्या स्टँडवर रेंज आली. मला इतका आनंद झाला होता की राहवेना. आम्हा चौघींचा एक फोटो होता, मागं फुलं, धाकटीचे केस मोकळे, सगळ्या खदखदून हसतोय. तो मी स्टेटसला ठेवला. कुणाला विचारलं नाही. मनात आलंसुद्धा नाही.

आमच्या पुतण्यानं बघितला. त्यानं आईला दाखवला. आमची गाडी कोरेगावला पोचेपर्यंत ट्रेनिंग कसलं होतं ते गल्लीला कळलं होतं.

रात्री नऊला घरी आले. मालक जेवून बसले होते. म्हणाले, “गांडूळखत फुलांवर टाकतात व्हय?” मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळानं म्हणाले, “खोटं कशाला बोललीस? विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो काय?” मी म्हटलं, “हो, म्हणाला असता.” ते गप्प बसले. मला वाटतं, दोघांचंही खरं होतं. दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. पेढ्याचा पुडा तसाच फळीवर.

पण खरा त्रास धाकटीला झाला. तिच्या घरी मोठं बोलणं झालं. “ट्रेनिंगला म्हणून पाठवली आणि केस मोकळे सोडून फोटो काढते.” फोन काढून घेतला. गटाच्या बैठकीला येणं बंद. एक बैठक गेली, दुसरी गेली. तिचा हप्ता तिची नणंद आणून द्यायची, उंबऱ्याबाहेरूनच. मैत्रिणींनो, खोटं माझं होतं, फोटो मी टाकला होता, आणि शिक्षा तिला. मला रात्री झोप लागेना.

मधल्या काळात आमच्या घरी एक झालं. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, वय 78. दोन दिवस त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “ती विहीर दाखव बघू.” मी फोन दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. मी बोटांनी फोटो मोठा करून दिला. आणि आत्या बोलायला लागल्या. “ही बघ धाव. बैल असे उताराला जायचे. हा नाडा इथनं. सोंदूर ह्या अंगानं. मोट वर आली की पाणी थारोळ्यात, तिथनं पाटाला. माझ्या बापाची मोट होती. मी बैलांच्या मागं पळायची.” अर्धा तास बोलल्या. मी या घरात बावीस वर्षं आहे. आत्यांच्या वडिलांची मोट होती, हे मला माहीत नव्हतं. मालकांनाही नव्हतं. ते दारात येऊन उभे राहून ऐकत होते. मग आत येऊन बसले, आणि पेढ्याचा पुडा त्यांनीच सोडला.

दुसऱ्या दिवशी आत्यांनाच म्हटलं, धाकटीच्या घरी याल का माझ्यासोबत? आल्या. आक्का आणि वहिनीही आल्या. मी धाकटीच्या सासूबाईंना म्हणाले, “मामी, मी खोटं बोलले. तुम्ही माझ्या भरवशावर सुनेला पाठवलं आणि मी तुम्हाला फसवलं. तिचा फोटोही तिला न विचारता मी टाकला. त्यात तिचा काही दोष नाही. मला माफ करा.” त्या म्हणाल्या, “आणि असं फिरायला जाणं शोभतं का?” इथं मी थांबले. म्हणाले, “मामी, खोट्याची माफी मागते. फिरायला गेल्याची नाही मागत.”

घर गप्प झालं. मला वाटलं, झालं, आता उठवतात. तेवढ्यात आत्या म्हणाल्या, “अगं, चार पोरी विहीर बघून आल्या. त्यानं विहिरीचं पाणी आटलं का?” मामी हसल्या नाहीत. पण चहा टाकला. निघताना म्हणाल्या, “पुढच्या खेपेला सांगून न्या. आणि दिवसाउजेडी आणा.” तिसऱ्या बैठकीला धाकटी आली. फोन मात्र तिला दिवाळीनंतर मिळाला. सगळं एका चहात मिटत नाही, हेही सांगायला हवं.

तर मैत्रिणींनो, एवढं सगळं सांगितलं ते कशासाठी? आपण बायका सुखासाठी कारण शोधतो. देवाचं कारण, पोरांचं कारण, गटाचं कारण. कारण असलं की घराबाहेर पाऊल टाकायला बळ येतं. पण खोट्या कारणावर केलेली मजा परतीच्या गाडीतच संपते. त्यापेक्षा आधी चार दिवस बोलणी खाल्लेली बरी. सांगा, ‘मला मैत्रिणींबरोबर दोन दिवस फिरायला जायचंय.’ पहिल्यांदा नाही म्हणतील. दुसऱ्यांदा सांगा. दुसऱ्या सहलीसाठी मी मालकांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाले, “दुधाचं कोण बघणार ते ठरव आणि जा.” ठरवलं.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी कामाच्या चार गोष्टी.

पैशाचं आधी. आमचा हिशोब माणशी असा: एस.टी. 260, खोली 300, खाणं 310, पठाराचा प्रवेश आणि इतर 180. एकूण 1050. डब्यात माणशी 50 उरले, चौघींचे 200. सहलीचा डबा वेगळा, वही वेगळी.

कुठं उतरणार, कुठल्या गाडीनं येणार, ते कागदावर लिहून घरी ठेवा. आधार कार्ड प्रत्येकीनं जवळ ठेवा. रोजच्या गोळ्या असतील तर दोन दिवस जास्तीच्या घ्या. पठारावर जायचं तर छत्री, घट्ट चप्पल, आणि प्लॅस्टिकची पिशवी नको. विहिरीच्या काठावर, दरीच्या कडेला फोटोसाठी मागं मागं सरकायचं नाही. फोटो काढणारी ‘अजून मागं’ म्हणाली तर तिलाच पुढं बोलवा.

फोटोचं सांगते. आधी पदरानं कॅमेऱ्याची काच पुसा, आपल्या फोनला पिठाचा आणि तेलाचा हात असतोच. ऊन काढणाऱ्याच्या पाठीशी हवं. फुलाचा काढायचा तर पडद्यावर त्या फुलावर बोट टेकवा, म्हणजे तेच स्वच्छ दिसतं, आणि वारा थांबेपर्यंत दम धरा. फोन एकीच्याच हातात ठेवू नका, नाहीतर तीच कुठल्या फोटोत नसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या फोटोत दुसरी कुणी आहे तो तिला विचारल्याशिवाय कुठंही टाकायचा नाही. तिच्या घरी काय चाललंय ते तिलाच ठाऊक असतं.

उरलेल्या 200 रुपयांतून आम्ही निवडक फोटो कागदावर काढून आणले. फोन पाण्यात पडतो, फोटो जातात. कागदावरचे राहतात. आक्कांचा विहिरीतला, पडक्या दाताचा फोटो त्यांनी घरात लावलाय, दाराच्या समोर. येणारा जाणारा विचारतो, हा कुठला? आणि आक्का सगळी विहीर सांगतात.

पुढच्या सहलीचा डबा दसऱ्याला पुन्हा सुरू झाला. या वेळी चौघी नाही, पाच जणी आहोत. पाचव्या माझ्या आत्या. त्या म्हणतात, ती धाव मला पायानं चालून बघायचीय. 75 वर्षांवरच्यांना एस.टी. फुकट आहे, म्हणजे आमच्या हिशोबावर भारही नाही.

तुम्ही कुठं जाऊन आलात, काय खाल्लंत, काय बघितलंत, ते आपल्या केंद्रावर येऊन सांगा. फोटोही आणा. फोटोतल्या सगळ्यांना विचारून आणा.

येते मी. नमस्कार.